मैदान कुणाच्या बापाचं?

मैदान म्हणजे नुसती सपाट जमीन नसते, दोस्तांनो. मैदान म्हणजे चार सवाल. जागा कुणाची? आत कोण शिरणार? पंच कोण? आणि खेळ संपल्यावर पैसा कुणाच्या खिशात जाणार? या चार सवालांची उत्तरं न देता जो कुणी 'खेळात जात नसते' असं म्हणतो, तो एकतर अडाणी असतो नाहीतर लबाड. मला भेटलेले बहुतेक लबाड होते.

आज हे लिहायचं कारण ई-स्पोर्ट्स. आपल्या वस्तीतली पोरं रात्री-अपरात्री मोबाइलवर ज्या लढाया खेळतात, त्यांचाच हा धंदेवाईक अवतार. त्यात आता पगारी खेळाडू आहेत, संघ आहेत, मालक आहेत, लाखांची बक्षिसं आहेत. आणि या खेळाला खास मैदान असतं. छप्पर असलेलं, गार हवेचं. मधे रंगमंच, त्यावर समोरासमोर दोन संघ, कानावर बाहेरचा आवाज आत येऊ न देणारे हेडफोन, डोक्यावर घराएवढे पडदे, बाजूला निवेदक, पाठीमागे वायरींचं जंगल आणि समोर तिकीट काढून आलेली पब्लिक.

ही काही उद्याची स्वप्नं नव्हेत. दक्षिण कोरियात बुसानच्या ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर २००४ साली असल्या खेळाचा अंतिम सामना बघायला लाखभर माणूस जमल्याचं सांगतात. दुसऱ्याच वर्षी सोलच्या योंगसान भागात कायमचं मैदान उघडलं. अमेरिकेत २०१८ साली लास वेगासच्या एका हॉटेलात आणि टेक्सासमधल्या आर्लिंग्टन गावात अशी मैदानं झाली. चीनमधल्या हांगझोऊ शहराने आशियाई खेळांसाठी ई-स्पोर्ट्सची स्वतंत्र इमारतच बांधली. २०२३ साली तिथं या खेळांना पहिल्यांदा अधिकृत पदकं मिळाली. कोरियाच्या संघातला 'फेकर' या टोपणनावाचा खेळाडू सोनं घेऊन घरी गेला आणि सक्तीच्या लष्करी नोकरीतून सुटला. म्हणजे सरकारने मान्य केलं, की हे पोरखेळ नाहीत.

आपल्याकडेही चाकं फिरली आहेत. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या पदरात टाकलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांना बंदी, ई-स्पोर्ट्सला मान्यता. त्यानंतर महिन्याभरात राज्याच्या मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं. आराखडा ३,२६८ कोटींचा. देशातल्या मोठ्या अंतिम फेऱ्या अजून भाड्याच्या प्रदर्शनी हॉलांत होतात, २०२४ साली हैदराबादला झाली, २०२५ साली कोलकात्याला. भाड्याच्या घरात राहणारा कधीतरी स्वतःचं बांधतोच. महाराष्ट्रात बांधलं तर ते पुण्यात नाहीतर मुंबईत होणार हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून आत्ताच बोललेलं बरं. पाया खणून झाल्यावर बोंबलून काही उपयोग नसतो, हे आपल्या बापजाद्यांनी धरणांच्या वेळी पाहिलंय.

मी जुन्नर तालुक्यातला. आमच्या जुन्नर-आंबेगावात असलं काचेचं मैदान नाही. पण मैदान म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवू नये. आमच्याकडे घाट आहे.

पुण्यामुंबईच्या पोरांना घाट म्हटला की गाडी लागते तो रस्ता आठवतो. आमचा घाट म्हणजे बैलगाड्याची धाव. चढाची, दोन्ही अंगाला माणसांच्या भिंती. गाड्याला चार बैल, पुढं घोडी, खाली निशाण, वर निशाण. बारी सुटली की 'भिर्रर्र' असा आवाज उठतो आणि दहा-पंधरा सेकंदांत खेळ खलास. सेकंदाचा शंभरावा भाग मोजतात. त्या शंभराव्या भागावर कुणी घाटाचा राजा होतो, कुणी घरी जातो. कर्ण्यावर निवेदक ओरडत असतो. बैलांना नावं असतात, नावांना भक्त असतात, बैलांच्या किमती लाखांत असतात. आंबेगावात नागापूरच्या थापलिंगाला पौष पौर्णिमेला जाऊन बघा. निवेदक आहे, चाहते आहेत, संघमालक आहे, घड्याळ आहे, बक्षीस आहे. सोलच्या मैदानात आणखी वेगळं काय असतं? तिथं बैल नाहीत, एवढंच.

या घाटाची कोर्टकचेरी सगळ्यांनी नीट वाचली पाहिजे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. तालुक्यात सुतक पडलं. मग काय झालं? आमदार एक झाले, खासदार एक झाले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका ट्रॉलीत बसले. २०१७ साली विधिमंडळाने कायदाच बदलला. उच्च न्यायालयाने अडवलं तर वर गेले. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी आणली. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा उचलून धरला. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत शर्यत झाली तेव्हा बक्षिसात जेसीबी होता, बोलेरो होती.

बैलाशी माझं वैर नाही. बैल राबतो. राबणाऱ्याशी माझं भांडण असायचं कारण नाही. मी हिशेब मांडतोय. एका मैदानासाठी नऊ वर्षांत सभागृह हललं, कायदा हलला, दिल्लीचं कोर्ट हललं. मैदानाच्या मागं माणसं उभी असली की देशाची घटनासुद्धा त्याची सुनावणी घेते, हे शाबित झालं.

आता दुसरा हिशेब. २८ जानेवारी २०११ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. सहा महिन्यांत, जुलैमध्ये, महाराष्ट्र सरकारचा आदेश निघाला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभर नोटिसांचा पाऊस पडला. गायरानावर कोण असतं? १९५८ च्या कायद्याने महारकी वतन गेलं आणि ज्यांच्या हाती काही राहिलं नाही ते. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या सत्याग्रहात ज्यांनी भुईसाठी तुरुंग भरले ते. १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची वहिवाट नियमित करायचा आदेश १९९१ साली सरकारनेच काढला होता. आणि २०११ च्या निकालातही भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद लिहिलेला आहे. तेवढीच ओळ तलाठ्याला कधी वाचता येत नाही. चष्मा विसरतो.

तर मैदानाची जागा हा पहिला सवाल. उद्या काचेचं मैदान येईल तेव्हा 'मोकळी सरकारी जमीन' शोधली जाईल. सरकारी दप्तरात मोकळी दिसणारी जमीन बहुतेक वेळा आपल्या पोटाखालची असते.

दुसरा सवाल आत कोण शिरणार.

घाटात आपण कुठं होतो? सगळीकडं होतो. बैलाच्या गळ्यातल्या सापत्या, हातातले कासरे वळले मांगांनी. चाबकाची वादी कापली चांभारांनी. हलगी कडाडली ती कुणाच्या हातात? मी पाहिलेल्या घाटांवर आपली माणसं वाजवणारी होती, वाहणारी होती, झाडणारी होती. गाडामालकांच्या यादीत मात्र आपलं आडनाव शोधावं लागायचं.

नारायणगाव घ्या. तमाशाची पंढरी म्हणून मिरवतं. ती पंढरी उभी केली भाऊ-बापू मांगांच्या घराण्याने. त्या घराण्यातल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेऊन आल्या, एकदा नव्हे, दोनदा. तंबू त्यांच्या नावावर भरायचा. तरी शेवटची वर्षं हलाखीत गेली. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या आणि २००६ पासून सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देतं. मेल्यावर हार घालायला आपल्याकडं फार गर्दी. जिवंतपणी मैदानातल्या माणसाच्या हाती मैदानाचा गल्ला लागू द्यायचा नाही, ही या देशाची जुनी क्रीडानीती आणि कलानीती.

खुद्द पुण्याचं उदाहरण देतो. बाळू पळवणकर. चांभाराचं पोर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी लाटायची, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची, ही त्याची महिन्याच्या चार दिडक्यांची नोकरी. साहेबांना टाकता टाकता तो हिंदुस्थानातला पहिल्या प्रतीचा डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. मग हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायची हौस आली आणि बाळू लागला. मैदानात चेंडू हातात चालला. चहाच्या सुट्टीत मात्र बाळू तंबूच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ बळी घेऊन आला. कप्तानी? नाही. ती त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळाली, तीसुद्धा १९२३ साली, भांडून. हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. तो हिशेब वेगळा, तो त्या जागी मांडू. पण खेळपट्टी लाटणारा हात आणि कप्तानाची टोपी यांच्यामध्ये किती अंतर असतं, ते या माणसाच्या आयुष्यावर मोजून घ्या.

यावर शहरातले आपलेच शिकलेले भाऊ म्हणतील, अरे, ते जुनं झालं. मोबाइलच्या खेळात आडनाव दिसत नाही. टोपणनावाने खेळतात. कोण महार, कोण मराठा, कोण बामण, पडद्याला काय कळतंय?

या बोलण्यात खरं आहे, आणि ते मी झाकणार नाही. आपली पोरं या खेळाला का चिकटली? नुसत्या चटकेने नाही. आयडीला आडनाव नसतं. शाळेच्या हजेरीत, भाड्याच्या खोलीत, नोकरीच्या मुलाखतीत जे आडनाव आधी आत जाऊन आपली जागा दाखवून देतं, ते इथं दाराबाहेर राहतं. अनोळखी चार जणांच्या तुकडीत वस्तीतलं पोरगं हुकूम सोडतं आणि कोथरूडचं पोरगं ऐकतं. ही चव ज्याने आयुष्यात पहिल्यांदा घेतली त्याला 'मोबाइलने बिघडला' म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना मी हात जोडून सांगतो, त्याला आधी समजून घ्या.

पण ही चव किती वेळ टिकते? गळ्यातून आवाज निघेपर्यंत. बोली ऐकली की सुरू. 'कुठला रे तू? कुठल्या आळीचा?' हरला की जातीवरून शिव्या. एका मोबाइल खेळात मी स्वतः हेडफोनमधून ऐकल्यात. तक्रारीचं बटण दाबलं. 'आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद' असं उत्तर आलं. गावच्या पाटलाचं उत्तर यापेक्षा वेगळं नसायचं, फक्त त्यात धन्यवाद नसायचे.

कायदा काय म्हणतो ते माहीत करून घ्या. १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा जातीवाचक अपमान लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो असं म्हणतो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आतला, बाहेरच्या कुणी न पाहिलेला अपमान त्यात बसत नाही असं सांगितलं. पण २०२२ साली केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटवर टाकलेला अपमानही लोकांसमोरचा धरला. मग दहा-वीस अनोळखी लोक ऐकताहेत त्या आवाजाच्या खोलीला काय म्हणायचं, चार भिंती की चावडी? हा सवाल कोर्टात कुणीतरी न्यायला पाहिजे. वकिलीच्या वर्गात बसलेल्या आपल्या पोरापोरींनो, हे तुमचं काम.

आणि समजा शिवी नाही ऐकली. जिंकलं पोरगं. मग आधार कार्ड, बँकेचं पासबुक, गाव, वडलांचा धंदा, मुलाखत. दाराबाहेर ठेवलेलं आडनाव मागच्या दाराने आत येतं आणि खुर्चीत बसतं.

तिसरा सवाल पंचाचा. यातलं इंगित फार कमी लोकांनी ओळखलंय, म्हणून नीट समजून घ्या.

काचेच्या मैदानाचा सगळ्यांत मोठा गुण म्हणजे तिथली समता. ही थट्टा नाही. रंगमंचावर सगळ्यांना एकाच बनावटीचा फोन नाहीतर संगणक, एकसारखी खुर्ची. सगळ्यांच्या वायरी एकाच यंत्राला जोडलेल्या, म्हणून कुणाची गोळी आधी नि कुणाची उशिरा असं होत नाही. पंच पाठीमागून पडदा बघतो. पैशाने, भाग्याने, गावाने मिळालेलं पुढारपण तिथं गळून पडतं. राहतं फक्त डोकं आणि बोट. यासाठीच मैदान लागतं. घरून खेळलेल्या सामन्याला खरा मान नसतो तो याच कारणाने.

आता विचारा, त्या रंगमंचापर्यंत पोचायचं कसं? पहिल्या फेऱ्या घरूनच खेळायच्या असतात. म्हणजे समता शेवटच्या दाराच्या आत, आणि त्याआधीची सगळी दारं विषमतेची! ज्याच्या हातात महागाचा फोन, त्याला सेकंदाला ९० चित्रं दिसतात. वस्तीतल्या पोराच्या स्वस्त फोनवर ३०. म्हणजे एकाला ११ हजारांश सेकंदाने नवं चित्र, दुसऱ्याला ३३ ने. फोन तापला की आणखी कमी. त्यात घरचं वायरीचं इंटरनेट एकाकडं आणि पत्र्याखाली लटकणारी रेंज दुसऱ्याकडं. शत्रू आपल्याला दिसायच्या आधी त्याला आपण दिसलेले असतो. मेलेलं पोरगं म्हणतं, माझा नेम चुकला. नेम नाही चुकला रे. तुझ्या बापाच्या मजुरीत तेवढाच फोन बसला.

घाटात सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी माणसं गळपट्टी धरतात. मग इथं रोज चोरली जाणारी वीस-बावीस हजारांश सेकंदं कुणाच्या वहीत लिहायची?

आमच्या जुन्नरात नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळातला व्यापारी रस्ता, कोकणातून वर यायचा. वर एक दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकत असं लोक सांगतात. माल कुणाचा, घाम कुणाचा, हे रांजण विचारत नाही. ते फक्त भरलं जातं. आजचा डेटा पॅक हे ते रांजण. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, म्हणून आपली पोरं या खेळात शिरू तरी शकली, हे मान्य. पण जकात स्वस्त झाली म्हणून घाट आपल्या नावावर होत नाही.

आणि जकात भरूनही रस्ता सगळ्यांना सारखा नाही. आंबेगावच्या पश्चिमेला डिंभ्याचं धरण. नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. त्यात आदिवासींची गावं बुडाली आणि पाणी पूर्वेच्या उसाला गेलं. जसं पाणी गेलं तशीच रेंज गेली. मंचरला, नारायणगावला फोन पळतो. पश्चिमेच्या डोंगरात पोरं सिग्नलसाठी टेकडी चढतात. खोडदला तीस अजस्र दुर्बिणी आहेत, एकेकीचा व्यास ४५ मीटर. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा आकाशातला आवाज जुन्नर तालुक्यात बसून ऐकू येतो. त्याच तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या ठाकर-कोळ्याच्या पोराचा आवाज पुण्यापर्यंत पोचत नाही. यंत्र नसल्याने हे होत नाही, दोस्तांनो. यंत्र कुणाकडं तोंड करून लावायचं, हे ठरवणारा हात आपला नाही, म्हणून होतं.

चौथा सवाल पैशाचा, आणि पैशाच्या मागे मालकीचा.

कबड्डीचा मालक कोण? कुणी नाही. आट्यापाट्यांचा? कुणी नाही. लंगोट कसला, रेघ मारली, झालं. या नव्या खेळाला मात्र मालक असतो. खेळच कंपनीचा. मैदान तुम्ही बांधलं, पोरं तुमची, पब्लिक तुमची, तरी खेळ त्याचा. तो नियम बदलेल, बंदूक बदलेल, उद्या दुकान बंद करेल. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जीवर बंदी घातली. २ जुलै २०२१ ला तोच खेळ कोरियन कंपनीने बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या नावाने आणला. २८ जुलै २०२२ ला तो पुन्हा गायब. २०२३ च्या मेमध्ये पुन्हा हजर. मधल्या दहा महिन्यांत त्यावर पोट असलेल्या पोरांनी काय केलं? नोटीस नाही, भरपाई नाही, युनियन नाही. गिरणी बंद पडली तेव्हा कामगाराला निदान गेटवर जाऊन घोषणा तरी देता आली. यांना गेटच नाही.

म्हणून आपल्या पोरांना सरळ सांगतो. यात पोट भरणारे हजारात एक. पंचविशी गाठली की बोटं मंदावतात आणि संघ नवं पोरगं शोधतो. कॉलेज सोडून यात उडी घेऊ नका. आणि रमी, फँटसी, 'फक्त पन्नास लावा', हे ई-स्पोर्ट्स नव्हे, तो मटका. पूर्वी आकडा माठातून निघायचा, आता पडद्यातून निघतो. २०२५ च्या कायद्याने त्यावर बंदी आणली ती बरी झाली. पण दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात दारू कुठं मिळते हे वस्तीतल्या लहान पोरालाही माहीत असतं. पहारा आपणच ठेवायचा.

मग काय, मैदान नको म्हणायचं? अजिबात नाही. 'नको' म्हणणं सोपं आणि फुकटचं. प्रस्थापितांना तेच हवं असतं. आपण नको म्हणायचं, त्यांनी बांधायचं, आणि पाच वर्षांनी आपल्याला गेटवर सिक्युरिटीची काठी द्यायची. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे खुले. कागदावर खुले! चवदार तळ्याला ओठ लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि तो हजारो पायांनी उजाडवला. 'सर्वांना प्रवेश' अशी पाटी या काचेच्या मैदानावरही लागेल. पाटी वाचून घरी जायचं नाही. पाय लावायचे.

म्हणून मागण्या अशा.

एक. गायरान, समाजमंदिर, अभ्यासिका यांच्या एका इंचावरही हे मैदान येणार नाही. अनुसूचित जाती उपयोजनेचा एक पैसा त्यात जाणार नाही. तो पैसा शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहाचा आहे.

दोन. पुण्यात दोन हजार खुर्च्यांचा महाल बांधण्याआधी जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथं वीस-वीस खुर्च्यांच्या खोल्या बांधा. तालुका क्रीडा संकुलाची सरकारी योजना आहेच, तिच्यात बसवा. सारखे फोन, सारखी वायर, फी नाही. ज्या स्पर्धेला सरकारी हॉल किंवा सरकारी रुपया हवा, तिची पहिली फेरी इथं झाली पाहिजे. समता शेवटच्या दाराशी नको, पहिल्या दाराशी पाहिजे. हीच आमची मुख्य मागणी, बाकीच्या तिच्या लेकी.

तीन. पोरींसाठी वेगळी वेळ आणि उजेडाचा रस्ता. घरातल्या एकुलत्या फोनवर आधी भाऊ बसतो. विठाबाईच्या तालुक्यात बाईने रंगमंच गाजवायचा की नाही, हा सवाल कुणी विचारू नये.

चार. आवाजाच्या खोलीत जातीवाचक शिवी दिली तर खेळाडू बाद, संघ बाद, आणि रेकॉर्डिंग पोलिसांकडे. नियमावलीत हे मराठीत छापा. खेळाडूचा करारही मराठीत, आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवायला पंधरा दिवस.

पाच. मैदानात खेळणारे दहा असतात आणि राबणारे शंभर. कॅमेरा, दिवे, वायरी, निवेदन, भाषांतर, दुरुस्ती. ही कामं आपल्या पोरापोरींना शिकवा. झाडू आणि काठी यापलीकडची. जी झाडूवर असतील त्यांना ठेकेदाराच्या नव्हे, मैदानाच्या हजेरीवर घ्या.

या मागण्यांसाठी मंत्रालयाची वाट बघायची गरज नाही. येत्या रविवारी आपापल्या वस्तीत बसा. कुणाकडं कसला फोन, कुठं रेंज, कोण खेळतं, कोण हरतं, कुणाचे पैसे बुडाले, याची वही करा. समाजमंदिराच्या खोलीत पाच सारखे फोन वर्गणीतून जमतात का बघा आणि पहिली स्पर्धा तिथंच भरवा. मग ती वही घेऊन तहसीलदाराच्या टेबलावर जा. बैलांसाठी एक झालेल्या आमदाराच्या बंगल्यावरही जा. त्याला शांतपणे विचारा, साहेब, बैलाच्या मैदानासाठी तुम्ही कायदा बदललात, माणसाच्या पोराच्या मैदानासाठी निदान एक खोली?

तो हसेल. हसू द्या. वहीत त्याचं नाव आणि तारीख लिहून घ्या.